चोवीस शब्दांची पाटी

आप्पांच्या दुकानातून बिघडलेली पाटी कधी बाहेर गेली नाही. हे आप्पा स्वतःच सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. चाळीस वर्षं ते नावाच्या पाट्या करत होते: डॉक्टरांच्या, वकिलांच्या, करंडकांखालच्या, कुत्र्यांच्या गळ्यातल्या, थडग्यांवरच्या. एखादं अक्षर केसभर सरकलं तरी ती पाटी ते ऐरणीवर घेत, हातोडीने सपाट करत आणि भंगाराच्या पिंपात फेकत. गिऱ्हाईक म्हणे, "चालेल की हो, कोण बघतंय?" त्यावर आप्पा म्हणत, "मी बघतोय ना."

असा हा मानी माणूस, आणि मानी माणसाला काही झाकायचं असलं की तो त्यापायी रात्रंदिवस राबतो. आप्पांना झाकायचा होता स्वतःचा उजवा हात. दीड वर्षापासून तो थरथरत होता. आधी नुसता चहाचा कप धरताना, मग सही करताना, मग सगळंच करताना. दुकानात कुणाला पत्ता लागला नाही, कारण तोवर त्यांनी एक जुनं कोरीवकामाचं यंत्र विकत घेतलं होतं. कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, बटण दाबायचं, यंत्राची सुई पत्र्यावर अक्षरं कोरून मोकळी. आप्पा उजवा हात खिशात घालून शेजारी उभे राहत आणि गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा काय रुबाबात उभा आहे! झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्षरांचे पोलादी ठसे आणि ते ठोकायची हातोडी ही त्यांची खरी हत्यारं. ती तेल लावून फळीवर ओळीने मांडलेली असत, शोभेला.

ही मूठ उघडी पाहिलेला माणूस एकच, त्यांचा जावई. टायरच्या दुकानात कामाला होता; अंगाने दांडगा, तोंडाने गरीब. बायको तीन वर्षं जहाजावर, त्यामुळे तो सासऱ्याकडेच राहायचा. लोक घरजावई म्हणून हसत, तोही त्यांच्याबरोबर हसून घेई. सकाळी आप्पांच्या शर्टाची बटणं तोच लावी. डॉक्टरकडेही त्यानेच नेलं होतं. परत येताना आप्पांनी त्याला भर फुटपाथवर थांबवलं.

"जावईबापू, मुंगीला हे कळता कामा नये. माझी शपथ आहे तुम्हाला."

"कळलं तर काय होईल, आप्पा?"

"काम टाकून येईल. आणि माझ्या हाताकडे बघत बसेल."

जावयाने शपथ घेतली. तो शपथ पाळणाऱ्यांतला होता, हे आप्पांना तेव्हा सोयीचंच वाटलं.

मुंगी म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. लहानपणापासून एकेक दाणा साठवायची म्हणून हे नाव पडलं आणि लग्नानंतरही सुटलं नाही. ती मासळी साफ करणाऱ्या जहाजावर होती. बर्फाच्या पाण्यात हात घालून बारा बारा तास मासे चिरायचे, सहा महिन्यांतून एकदा जमीन बघायची. जहाजावर दहा देशांची माणसं; बँकांची कटकट नको म्हणून कंपनी अर्धा पगार त्या नव्या डिजिटल पैशात देई. मुंगीने तीन वर्षांत त्यातल्या एकाही नाण्याला हात लावला नाही. यंदा ती घरी आली, तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नव्हतं. गरम कप धरला तरी ती दचकत नसे. जहाजाच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी एक फेरी केलीस, तर ही दोन बोटं कापावी लागतील."

"करतंय कोण आता फेरी?" मुंगी म्हणाली. कोपऱ्यावरचा एक गाळा तिने बघून ठेवला होता. तिथे ती इस्त्रीचं दुकान टाकणार होती. "तीन वर्षं बर्फात काढली. आता उरलेलं आयुष्य इस्त्रीशेजारी काढणार. उन्हाळ्यातसुद्धा तक्रार करणार नाही."

म्हणजे ते पैसे नुसते पैसे नव्हते. ती तिची दोन बोटं होती. घरातल्या तिघांनाही हे ठाऊक होतं.

आल्यानंतरच्या रविवारी तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतलं आणि त्यावर एक छोटं खोकं ठेवलं. आत काडेपेटीपेक्षा लहान एक यंत्र होतं. दोन बटणं, बोटभर पडदा.

"ही तिजोरी?" आप्पा म्हणाले. "हिला तर कुलूपसुद्धा लागणार नाही."

"तिजोरी नाही, आप्पा, किल्ली. पैसे बाहेर, इंटरनेटवर. ते हलवायची किल्ली यात. आत्तापर्यंत ती फोनमध्ये होती, म्हणजे चोराच्या हाताला लागेल अशी. आता ती या डबीबाहेर कधीच यायची नाही." ती खोक्याचं सील उजेडात धरून बघत होती. "बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागवलीय. बाजारात स्वस्त मिळते, जुनीही मिळते. पण कुणाच्या हातातून आलेली नको."

जावई चहा करत होता. त्याने गमतीने विचारलं, "आणि ही किल्लीच हरवली तर?"

"म्हणून शब्द. ही आता मला चोवीस शब्द दाखवेल. ते ज्याच्याकडे, त्याचे पैसे. डबी हरवली, जळाली, तरी नवी आणायची, तेच शब्द त्याच क्रमाने घालायचे, सगळं परत. आणि ते शब्द दुसऱ्या कुणी वाचले, तर त्याला डबीची गरजच नाही." तिने बोटं मोजल्यासारखी टेबलावर टेकवली. "त्यांचा फोटो काढायचा नाही. फोनमध्ये, कॉम्प्युटरवर टाइप करायचे नाहीत. मोठ्याने वाचायचे नाहीत. उद्या कंपनीचा माणूस म्हणून फोन आला आणि त्याने शब्द मागितले, तर तो चोर. खुद्द कंपनीच्या मालकाने मागितले तरी तो चोर."

मग ती नवऱ्याकडे वळली आणि जरा अडखळून म्हणाली, "तू थोडा वेळ बाहेर बसतोस?"

जावयाने गॅस बंद केला. चार वर्षांपूर्वी त्याने तिची साठवलेली रक्कम एका मित्राला दिली होती आणि सहा महिने तिला सांगितलं नव्हतं. मित्र बुडाला, रक्कमही बुडाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चहाचे दोन कप टेबलावर ठेवून तो जिन्यात जाऊन बसला.

आप्पांना मात्र तिने शेजारी बसवलं. डबीच्या पडद्यावर एकेक इंग्रजी शब्द उमटे, मुंगी तो कागदावर लिही. साधे, शाळेतल्या मुलाला यावेत असे शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. चोवीस झाल्यावर आप्पांनी कागद घेतला आणि धंद्याच्या सवयीने शेवटच्या शब्दापासून उलटा तपासला. उलटं वाचलं की डोळा अर्थाच्या मागे पळत नाही, प्रत्येक अक्षर बघतो. एकही चूक नव्हती. मुंगीने आठ आकडी पिन घातला. मग डबी मुद्दाम पुसून कोरी केली आणि कागदावरून शब्द घालून पुन्हा उभी केली. "आग लागायच्या आधीच बंब चालतो का ते बघितलेलं बरं," ती म्हणाली. आधी तिने फोनमधून डबीच्या पत्त्यावर अगदी किरकोळ रक्कम पाठवली. ती पोचली, तेव्हा पडद्यावरचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बाकीची सगळी पाठवली. इतकं निगुतीने काम करणारी मुलगी आपली आहे, याचा आप्पांना अभिमान वाटला.

"आता कागद राहिला," ती म्हणाली. "कागद जळतो, भिजतो. स्टीलच्या पाटीवर ठशांनी ठोकून द्याल? मीच ठोकले असते, पण माझ्या बोटांना ठसा धरवत नाही."

आप्पांचा हात टेबलाखाली होता. "देतो की," ते म्हणाले. "त्यात काय आहे?"

"पहिली चार अक्षरं ठोकली तरी पुरतात. त्यावरून शब्द ओळखता येतो."

"अर्धवट शब्द?" आप्पा खरोखर दुखावले. "माझ्या दुकानातून?"

बुधवारी दुपारी मुंगी बोटं दाखवायला डॉक्टरकडे गेली आणि आप्पा कागद घेऊन दुकानात गेले. दार आतून लावलं. फळीवरून ठसे उतरवले. वर्षभरात पहिल्यांदाच. स्टीलचा तुकडा ऐरणीवर घट्ट बसवला, डाव्या हाताने ठसा धरला, उजव्याने हातोडी उचलली.

पहिला शब्द जमला. दुसऱ्यात एक अक्षर खाली घसरलं. तिसऱ्यात हातोडी ठशावर न पडता आप्पांच्या अंगठ्यावर पडली. त्यांनी अंगठा तोंडात धरला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग नवा तुकडा घेतला. मग आणखी एक. चौथ्या तुकड्यावर ओळ अशी चालली होती, की तिच्यावरून दारुडासुद्धा सरळ चालला असता. लेकीच्या आयुष्यभराच्या कमाईची पाटी, आणि ही अक्षरं! ती बघताक्षणी विचारेल, हाताला काय झालं?

शेजारी यंत्र उभं होतं.

आप्पांना तिचे शब्द आठवत नव्हते असं नाही. चांगले आठवत होते. पण माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही. पाच मिनिटांचं काम. लगेच पुसून टाकू. हा कॉम्प्युटर काय बँकेतला आहे? यावर कुत्र्यांची नावं टाइप होतात, इथे कोण चोर येणार? त्यांनी दोन बोटांनी एकेक अक्षर दाबत चोवीस शब्द टाइप केले. अक्षराचं वळण निवडलं, चारी बाजूंनी सारखा समास सोडला, भोवती एक बारीक रेघसुद्धा टाकली. सुई चालू लागली. आप्पा हात खिशात घालून बघत उभे राहिले.

पाटी देखणी झाली. इतकी देखणी, की कुणी पाहिली असती तर हाताची नाही हे तत्काळ ओळखलं असतं. मग त्यांनी वरून तेवढ्याच मापाची कोरी पाटी उपडी ठेवली आणि यंत्रानेच भोकं पाडून चारी कोपऱ्यांत रिव्हेट दाबून दोन्ही एक करून टाकल्या. कॉम्प्युटरवरची फाइल पुसली, पुसलेल्या फाइलींची टोपलीही रिकामी केली. बिघडलेले चारही तुकडे सपाट केले. कागद जाळला.

संध्याकाळी मुंगीने ती जाड, दोन्ही बाजूंनी कोरी पाटी हातात तोलून पाहिली. "अरे वा! म्हणजे शब्द आत. कुणी फोडल्याशिवाय वाचणारच नाही."

"चोराला कळणारही नाही की हे काय आहे," आप्पा म्हणाले.

जावई दारात उभा होता. त्याने पाटीकडे पाहिलं, मग आप्पांच्या खिशातल्या हाताकडे.

दहा दिवसांनी गाळ्याच्या मालकाला पैसे द्यायचे होते. मुंगीने डबी जोडली, पिन घातला आणि पडद्याकडे बघत राहिली. मग डबी काढली, पुन्हा जोडली. पडद्यावर शून्य होतं.

बुधवारी पाटी झाली, आणि गुरुवारी दुपारी चार वाजता सगळे पैसे एका अनोळखी पत्त्यावर गेले होते. एका फटक्यात. हा व्यवहार कुणालाही उलटवता येत नव्हता, तक्रार ऐकायला कोणी साहेब नव्हता. पोलीस चौकीतल्या हवालदाराने अर्ज घेतला. चोरी कुठून झाली, हे विचारून त्याने ती जागा कोरी सोडली.

मुंगी रडली नाही. टेबलाशी बसून ती एकेक शक्यता खोडत गेली. "डबी कपाटात होती. पिन कुणाला माहीत नाही. म्हणजे शब्द कुणीतरी वाचले." तिने वर पाहिलं. "आप्पा, दुकानात कागद कुणी पाहिला?"

"दार आतून लावलं होतं."

"फोटो? कॉम्प्युटरवर काही?"

"छे!"

"ठशांनीच ठोकलंत ना?"

"ठशांनीच," आप्पा म्हणाले.

तो शब्द तोंडातून कसा गेला, ते त्यांनाही कळलं नाही. एकदा गेल्यावर त्याला परत बोलावण्याची छाती त्यांच्यात नव्हती. त्यांना वाटलं, अजून काही नक्की नाही, कदाचित दुसरीकडूनच काही झालं असेल. तेवढ्यात मुंगी नवऱ्याकडे वळली होती.

"रविवारपासून बुधवारपर्यंत कागद माझ्या पिशवीत होता. तीन दिवस. घरात आपण तिघंच."

जावयाने आप्पांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर आप्पांना बरं वाटलं असतं. त्याने फार तर दोन श्वास वाट पाहिली. मग तो म्हणाला, "मी नाही घेतले."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

ते खरं होतं. मागच्या वेळी तो असंच म्हणाला होता. त्याने कपड्यांची पिशवी भरली आणि टायरच्या दुकानाच्या माळ्यावर राहायला गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती आप्पांच्या देखत, आप्पांच्या घरात दिली गेली. ते खिशात हात घालून उभे होते.

दुसऱ्या सकाळी बटणं लावायला कोणी नव्हतं. आप्पांनी शर्ट डोक्यावरून घातला.

चार दिवसांनी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलीला दुकानात बोलावलं. यंत्र हळू चालतंय, असं सांगितलं. तिने तासभर काहीबाही तपासलं आणि विचारलं, "आजोबा, हा कोरीवकामाचा प्रोग्राम विकत घेतलेला आहे का?"

"यंत्र विकणाऱ्याने घालून दिला. फुकट."

"फुकटाबरोबर पाहुणा आलाय. तुम्ही जे जे टाइप करता, ते बाहेर कुणालातरी जातं. बरेच महिने झाले असावेत. पुसून काही उपयोग नसतो, बोटाखालून अक्षर जातानाच ते उचललं जातं." आप्पांचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "घाबरू नका हो. तुमच्या पाट्यांवरची नावं चोरून कुणी काय करणार?"

आता ते 'कदाचित' उरलं नाही. तिचे पैसे देऊन आप्पा तडक टायरच्या दुकानावर गेले. जावई ट्रकचं चाक उघडत होता. त्याने हात पुसले, एक जुनं टायर आडवं टाकून त्यांना बसायला दिलं.

"यंत्रावर केलं मी," आप्पा म्हणाले. "ते शब्द."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पाटी बघितली तेव्हाच. आप्पा, तुम्हाला एक बटण लावता येत नाही. चोवीस शब्द कसे ठोकाल?"

"मग तेव्हाच ओरडला का नाहीत? आणि नंतर, तिने तुमच्यावर आळ घेतला तेव्हा?"

जावई पान्याशी चाळा करत राहिला. "पाटी बघितली तेव्हा वाटलं, झालं ते झालं, म्हाताऱ्याची लाज कशाला काढा. तिथे चुकलंच माझं. लगेच सांगितलं असतं, तर तिने त्याच संध्याकाळी पैसे दुसरीकडे हलवले असते. म्हणजे आळ अगदीच खोटा नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि नंतर मला वाटलं, तुम्ही बोलाल."

आप्पांना मान वर करता आली नाही. "आज सांगतो. घरी जाऊन सांगतो."

"नको," जावई म्हणाला. "जहाजाचा करार केलाय तिने, कळलं मला. सोमवारी निघतेय. सांगून पैसे येणार आहेत का? एवढ्या लांब माणसाला रागवायला कुणीतरी लागतं आणि आठवायलाही कुणीतरी लागतं. रागवायला मी आहे. आठवायला तुम्ही राहा." एवढं बोलल्याचं त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं आणि तो पुन्हा चाकाकडे वळला.

घरी जाताना आप्पांना हलकं वाटलं. आणि आपल्याला हलकं वाटतंय, याची त्यांना किळस आली. पण शनिवार गेला, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही.

रविवारी मुंगीच दुकानात आली. ती कधी नव्हे ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"एक काम आहे, आप्पा. लॉकरची पाटी करून द्या. तिथे सगळे लॉकर सारखे, अंधारात चाचपडावं लागतं. कोरलेलं माझ्या बोटांना कळत नाही. ठोकलेलं खोल असतं, ते कदाचित कळेल." ती किंचित हसली. "नुसतं मुंगी लिहा. ठशांनी. तुमच्या हातचं काहीतरी जवळ असू दे."

आप्पा म्हणाले, उद्या करतो. ती म्हणाली, उद्या सकाळी मी निघाले. आप्पा म्हणाले, ठसे गंजलेत. तिने फळीवरून ठसे उतरवले. ते तेलाने चकाकत होते. पितळेचा तुकडा तिनेच ऐरणीवर बसवला आणि हातोडी त्यांच्यापुढे धरली.

आप्पांनी खिशातून हात काढला.

हातोडी घेताच ती हलू लागली. मनगट डाव्या हाताने दाबावं, तर ठसा कोण धरणार? त्यांनी तसाच घाव घातला. पहिलंच अक्षर तिरकं पडलं. दुसऱ्या घावाला ठसा निसटून जमिनीवर पडला आणि लांब घरंगळत गेला. मुंगी तो उचलायला उठली नाही. ती हाताकडे बघत होती.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

तिने पिशवीतून ती जाड, कोरी पाटी काढली, पकडीत धरली आणि रिव्हेट उडवायला ड्रिल हातात घेतलं. बोटं बधिर होती, तरी तिचा हात आप्पांच्या हातापेक्षा स्थिर होता. एक, दोन, तीन, चार. छिन्नीने फट उघडली आणि पाट्या सुट्या झाल्या.

चोवीस शब्द ओळीत उभे होते. एकही अपुरा नाही, एकही वाकडा नाही. चारी बाजूंना सारखा समास, भोवती बारीक रेघ.

मुंगीने ते सगळे वाचले. शेवटच्या शब्दापासून, उलटे, आप्पांनी शिकवल्यासारखे.

"सुरेख झालीय," ती म्हणाली.

चाळीस वर्षं आप्पा याच शब्दांवर जगले होते. त्यांना वाटलं, हिने हातोडी आपल्या डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं. "मुंगे, मी चोर आहे तुझा," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. मला लाज वाटली." आणि ते रडू लागले. म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता, नाक पुसत.

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिने एवढंच विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"होतं. मी शपथ घातली होती."

हे ऐकून मात्र तिचा चेहरा उतरला. पैसे गेले तेव्हा तो असा उतरला नव्हता. ती उठली, पिशवी घेतली, ऐरणीवरून काहीतरी उचललं आणि निघाली. डावीकडे वळली, टायरच्या दुकानाकडे. ती चालत नव्हती, पळत होती.

सोमवारी सकाळी आप्पांनी खिडकीतून पाहिलं. तिची पेटी जावयाने खांद्यावर घेतली होती. दोघं शेजारी शेजारी चालत होते, बोलत नव्हते. तिने आपला उजवा हात त्याच्या कोटाच्या खिशात घातला होता. करार झाला होता, जहाज थांबणार नव्हतं. वळणावर ती थांबेल, मागे बघेल, असं आप्पांना वाटलं. ती थांबली नाही.

मग ते दुकान उघडून आत गेले. ती देखणी पाटी पकडीपाशी तशीच पडली होती, तिला कुणी नेलं नव्हतं. आप्पांना नेमाप्रमाणे कालचा बिघडलेला पितळी तुकडा सपाट करायचा होता, एकच तिरकं अक्षर असलेला. त्यांनी ऐरणीवर पाहिलं, बाकाखाली पाहिलं, गुडघ्यांवर बसून भंगाराचं पिंप उपसलं. तुकडा नव्हता. तो ती घेऊन गेली होती.

आप्पांच्या दुकानातून बाहेर गेलेली ती पहिली बिघडलेली पाटी.